पांढऱ्या दोऱ्याची तार

आमच्या दोघांत जादा तारांची पिशवी एकच होती. दोघे म्हणजे मी आणि शहागंजात गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान चालवणारे एक गृहस्थ. ते तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही तेच म्हणत असे. जुनी हिंदी गाणी सादर करणाऱ्या शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात ते तीस वर्षांहून अधिक काळ बेस गिटार वाजवत होते. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. काम दुपारी चारनंतर सुरू होतं, सकाळ मोकळी असते, आणि सुटीच्या दिवशी मी हॉटेलांतल्या समारंभांत चौघांच्या एका बँडबरोबर बेस वाजवतो. वाजवायला मी चाचांकडेच शिकलो, त्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, फोमच्या गठ्ठ्यांवर बसून.

बेसच्या तारा जाड असतात, सहसा तुटत नाहीत. साध्या गिटारच्या तारा गुलमंडीच्या बाजारात केव्हाही मिळतात, बेसचा संच मात्र असेलच असं नाही, आणि असला तरी हवा तो नसतो. चाचांच्या ओळखीचे एकजण मुंबईहून माल आणत, त्यांच्याकडून संच यायला आठ-दहा दिवस लागत. मोबाइलवरून मागवलेला एक संच चाचांना नकली निघाला होता, तेव्हापासून त्यांनी तो रस्ता बंद केला होता. आमचे कार्यक्रम क्वचितच एका दिवशी येत. म्हणून राखीव तारा एकत्र ठेवायच्या असं ठरलं. पिशवी दुकानात राहायची. ज्याचा कार्यक्रम असेल त्याने ती न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणून खिळ्याला अडकवायची.

पिशवी चाचांनी स्वतः शिवली होती. तपकिरी रेक्झिन, आत कप्पे, वर घडी पडणारं झाकण. बुटांच्या खोक्यात ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्या ते गोळा करून प्रत्येक कप्प्यात एक टाकत, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. एका बाजूला तार कापायची पक्कड, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीनचं तेल लावलेलं फडकं.

खरी व्यवस्था दोऱ्यांची होती. कंपनीच्या पाकिटात ओल राहते असं चाचांचं मत होतं. त्यामुळे नवा संच आला की पाकीट फोडून प्रत्येक तार ते गोल गुंडाळत आणि तिला सीट शिवायच्या जाड दोऱ्याने बांधत. जी तार अजून कुठल्याही गिटारवर चढलेली नाही, जिचं टोक कापलेलं नाही, तिला पांढरा दोरा. एकदा वापरून उतरवलेल्या तारेला काळा. पांढऱ्या दोऱ्याचा एक पूर्ण संच पिशवीत कायम असला पाहिजे, आणि तो उघडावा लागला तर त्याच दिवशी सांगायचं, म्हणजे दुसरा मागवता येईल, असा नियम होता. दोन्ही रंगांचं एकेक रीळ त्यांनी मलाही दिलं होतं.

काळ्या दोऱ्याच्या तारा टाकाऊ नसतात. पाण्यात उकळल्या की वेटोळ्यांत अडकलेला घाम आणि मळ सुटतो, उन्हात वाळवल्या की त्या आणखी दोन-तीन कार्यक्रम बऱ्या वाजतात. फक्त त्या अपुऱ्या असतात. तार बसवताना लांबी बघून टोक कापावं लागतं, आणि कुठे कापायचं ते त्या त्या गिटारवर अवलंबून असतं. माझ्या बेसला दोन खुंट्या एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला आहेत, त्यामुळे सर्वांत बारीक तारेची खुंटी जवळ येते. चाचांच्या बेसवर चारही खुंट्या एका ओळीत होत्या आणि बारीक तारेची खुंटी सगळ्यांत लांब. त्यांनी कापलेली बारीक तार माझ्या बेसला चाले. मी कापलेली त्यांच्या बेसला पुरत नसे. म्हणून काळ्या दोऱ्याच्या तारांचे दोन वेगळे कप्पे होते, एक त्यांचा, एक माझा.

कार्यक्रमाला निघताना चाचा मशीनवरून मान न उचलता विचारत, "सफेद किती?"

"चार."

"मग जा बिनधास्त."

ऑगस्टमध्ये फर्दापूरजवळच्या एका हॉटेलात आमच्या बँडचा कार्यक्रम होता, दुपारच्या जेवणाच्या वेळी. आवाज तपासताना माझी बारीक तार तुटली. तुटली ती खाली, जिथे हाताचा घाम साचतो तिथे. वाजवून झालं की तारा पुसायच्या, हे चाचांनी मला पहिल्या आठवड्यापासून सांगितलं होतं. "तुझ्या घामात लई नमक आहे, पत्रकारसाब. पोंछत जा. नाय तर एक दिवस तार नाय, खिळा वाजवशील." मी दोन महिने पुसल्या नव्हत्या.

पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याची बारीक तार काढून चढवली. तिच्या शेजारी बाकीच्या तीन मातकट वाजू लागल्या. वेळ होता, म्हणून मी पूर्ण संच बदलला. कार्यक्रम चांगला झाला. बँडमधला गिटारवाला म्हणाला की आज बेस ऐकू येत होता.

घरी येऊन मी उतरवलेल्या तीन तारा चहाच्या पातेल्यात उकळल्या. त्या पातेल्यावरून घरात जे ऐकून घ्यायचं ते ऐकलं. तारा गच्चीवर वाळवल्या. चौथी, म्हणजे बारीक, माझ्या काळ्या दोऱ्याच्या कप्प्यात एक जुनी होती. चारही गुंडाळल्या, आणि पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या.

त्या वेळी माझा काय विचार होता, हे मी नंतर अनेकदा तपासलं आहे. कोणाला अडचणीत आणायचं नव्हतं. नवा संच उघडला असं सांगितलं असतं, तर का उघडला असा प्रश्न आला असता, आणि न पुसल्याने तार तुटली हे कबूल करावं लागलं असतं. चाचांचा एक टोमणा आला असता, तोही हसत मारलेला. तो मला नको होता. मोबाइलवर तोच संच दिसत होता, चार दिवसांत आला असता, मग मी गुपचूप बदलून टाकला असता. मी तो निवडूनही ठेवला. पुढचं बटण दाबायचं राहिलं. त्याला काही कारण नव्हतं. दोरा बांधल्यावर घाई उरली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पिशवी खिळ्याला अडकवली.

"स्ट्रिंग नाय तुटली ना?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे पोंछतोस आता."

"पुसतो."

"शाबास. उशिरा का होईना, अक्कल आली."

यानंतर अकरा आठवडे गेले. या काळात मी दोनदा पिशवी नेली आणि दोनदा "चार" असं उत्तर दिलं.

चाचांच्या ऑर्केस्ट्राचे संचालक सिडकोत कीबोर्डचे क्लास घेतात, त्यांना सगळे सर म्हणतात. त्या पावसाळ्यात चाचांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. आधीच्या दोन कार्यक्रमांत ते गाण्यात एकेकदा उशिरा शिरले होते. सरांनी त्यांना सरळ सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळेल असं सांगितलं: नोव्हेंबरचा कार्यक्रम बघू, मग पुढच्या वर्षीचं ठरवू. चाचांना अर्थ समजला होता.

"या उमरमध्ये सर माझी टेस्ट घेतोय," ते मला म्हणाले. "घेऊ दे. एक एंट्री चुकली तर मी स्वतः गिटार उचलून घरी जाईन, कोणी सांगायची गरज नाय."

तीन आठवडे ते रोज दुपारी दुकान धाकट्या भावावर सोडून पोटमाळ्यावर वाजवत बसले. मी दोनदा जाऊन ऐकलं. वहीत गाण्यांची यादी होती, प्रत्येक गाण्यापुढे बेस कुठल्या शब्दाला सुरू होतो ते उर्दूत लिहिलेलं. एकही एंट्री चुकत नव्हती.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता, ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळासाठी. आमच्या बातमीदाराची सुटी असल्याने बातमी मीच द्यायची होती. मी तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसलो. सभागृह भरलं होतं, चारशेच्या आसपास लोक. पहिल्या भागात चाचांनी नऊ गाणी वाजवली आणि नऊही अचूक वाजवली. पाचव्या गाण्यानंतर सरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि हसले. मी ते वहीत नोंदवलं नाही, पण पाहिलं.

मध्यंतरापूर्वीच्या शेवटच्या गाण्यात त्यांची बारीक तार तुटली. गाणं त्यांनी इतर तीन तारांवर निभावलं, कोणाला कळलंही नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचं होतं. मी विंगेत गेलो.

चाचा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, बेस मांडीवर, चष्मा कपाळावर. वर एकच ट्यूब होती आणि तीही लुकलुकत होती. ते खुशीत होते.

"तीन साल साथ दिली बिचारीनं," तुटलेली तार दाखवत ते म्हणाले. "चल, पिशवी खोल. सफेद दे."

मी पिशवी उघडली. पांढऱ्या दोऱ्याची बारीक तार काढली. त्यांच्या स्वतःच्या काळ्या दोऱ्याच्या कप्प्यात त्यांच्याच बेसच्या मापाची एक बारीक तार होती. तीही माझ्या डोळ्यांसमोर होती.

"सफेद ना?"

"सफेद."

ऑक्टोपॅड वाजवणारा चहाचा कप घेऊन आला. "चाचा, आवरा. चहा संपला की म्हातारे परत येतील आत."

"म्हातारा तुझा बाप. मी इथला सगळ्यात जवान आहे, विचार सरला."

"दिसतंय की. तार ओढता ओढता धाप लागली जवानाला."

"तू ढोलकी बडव बाबा, सुरातलं बोलू नको."

त्यांनी दातांनी दोऱ्याची गाठ सोडली. तार खालून ओवली, खुंटीपर्यंत नेली, आणि त्यांच्या बेससाठी नव्या तारेचं जेवढं टोक नेहमी कापावं लागे तेवढं सवयीने पक्कडीने कापलं. पेराएवढा तुकडा जमिनीवर पडला. नवी तार असती तर एवढं कापूनही खुंटीला दोन-तीन वळसे बसले असते. तारेकडे त्यांनी नीट पाहिलं नाही. पांढरा दोरा आहे म्हणजे तार अख्खी आहे. पाहण्याचे कष्ट वाचावेत म्हणूनच तर दोरा होता. मला मात्र काय चाललं आहे ते पूर्ण माहीत होतं. पक्कड उचलल्यापासून तुकडा पडेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. एक शब्द पुरला असता. मी घड्याळ पाहिलं.

तार खुंटीभोवती जेमतेम अर्धा वळसा बसली. "अरे," ते पुटपुटले. "छोटी कापली का मी?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, खुंटीवर अंगठा दाबून तार ताणली, सुरात आणली, दोनदा छेडली. घंटा झाली.

"धरेल," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणून मी मान हलवली.

उत्तरार्धातलं तिसरं गाणं एकट्या बेसने सुरू होतं. ती जागा त्यांनी सगळ्यांत जास्त घोटली होती. पाचव्या किंवा सहाव्या सुराला तार खुंटीतून सुटली. स्पीकरमधून आधी दणका, मग खरखर आली. गायिका थांबली. मागच्या रांगांत काही लोक हसले. सरांनी डाव्या हाताने कीबोर्डवर बेसचे सूर धरले आणि गाणं पुन्हा सुरू केलं. त्यानंतरची सगळी गाणी सरांच्या डाव्या हाताने झाली. चाचा जागेवरून उठले नाहीत. बेस मांडीवर आडवा ठेवून, दोन्ही हात त्यावर ठेवून ते शेवटपर्यंत बसून राहिले.

कार्यक्रम संपल्यावर विंगेत सगळे जमले. कोणी विचारण्याआधीच चाचा म्हणाले, "गलती माझी. मी तार छोटी कापली. नजर धोका देते आता."

सर म्हणाले, "असू द्या चाचा. लई वर्षं केलंत. आता आराम करा."

मी तिथेच होतो, हातात वही होती. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

कार्यालयात जाऊन मी दीडशे शब्दांची बातमी केली. गाणी, गायक, उपस्थित पाहुणे, रसिकांची दाद. तारेचा उल्लेख केला नाही. छापून आली तेव्हा पुन्हा वाचली. तीत एकही चूक नव्हती.

तीन दिवसांनी चाचांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तूच ठेव. माझं झालं." त्याच आठवड्यात सरांचा फोन आला, चाचांच्या जागी येता का म्हणून. मी विचार करून सांगतो म्हणालो. दोन दिवस विचार केला आणि हो म्हणालो.

डिसेंबर ते मार्च या काळात मी त्या ऑर्केस्ट्रात चार कार्यक्रम केले. चाचांची गाण्यांची वही सरांनी झेरॉक्स करून दिली होती. उर्दू मला वाचता येत नाही, म्हणून ती मी गायिकेकडून वाचून घेतली. कार्यालयाला जाताना शहागंजातून जाणं सोडलं. चाचा थकले होते, एक डोळा गेल्यात जमा होता, आज ना उद्या हे होणारच होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. हे कारण मला बरेच दिवस पुरलं.

मार्चमध्ये सरांनी मला कायमचा वादक म्हणून घ्यायचं ठरवलं. म्हणाले, "चाचांना तुम्हीच सांगा. तुमचे उस्ताद आहेत. बाहेरून कळलं तर बरं दिसणार नाय." म्हणून मी दुकानात गेलो.

दुकानासमोर एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याला मागच्या सीटला नवं कव्हर हवं होतं. चाचांचा धाकटा भाऊ जमिनीवर रेक्झिन पसरून खडूने खुणा करत होता. चाचा मशीनमागे बसले होते, पण मशीन बंद होती.

"चाचा, कटिंग तुम्ही करा ना," रिक्षावाला म्हणत होता. "तुमच्या हातचं फिट बसतं. छोट्या चाचांचं कोपऱ्यात फुगतं."

"नक्को बाबा. कैची आता छोट्याकडे."

"कैकू?"

"मी तार छोटी कापली, मालूम नाय तुला? चारशे लोकांसमोर. तुझी सीट छोटी कापली तर तुझं गिऱ्हाईक रस्त्यावर पडेल."

रिक्षावाला हसला. चाचाही हसले. मला पाहून म्हणाले, "ये, पत्रकारसाब. चार महिन्यांनी रस्ता सापडला?"

रिक्षावाल्याशी बोलण्यात ते गुंतले तेव्हा भावाने मला बाजूला घेतलं. "तुम्ही समजवा जरा," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या दिवसापासून कैचीला हात नाय लावला भाईनं. अंदाज गेला म्हणतो. दुसऱ्या डोळ्याची तारीख आली होती ऑपरेशनची, ती पण सोडली. आता कशाला म्हणतो. घरात कोणाचं ऐकत नाय."

मी चाचांनी वाजवणं सोडलं एवढंच धरून चाललो होतो. कात्रीचं मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं ज्या हाताने त्यांनी माप न घेता रेक्झिन कापलं, तो हात त्यांनी माझ्या दोऱ्यावरून मोडीत काढला होता.

रिक्षा गेल्यावर मी बोललो. बसायला सांगितलं होतं, मी उभाच राहिलो.

"चाचा, त्या दिवशी तार तुम्ही छोटी कापली नाही. ती आधीच कापलेली होती."

"कोणती?"

"कार्यक्रमातली. माझ्या बेसवरची जुनी होती. उकळलेली. पांढरा दोरा मी बांधला होता."

त्यांनी मशीनवरचा हात काढला. "कधी बांधला?"

"ऑगस्टमध्ये. फर्दापूरचा कार्यक्रम झाल्यावर. नवा संच मी वापरला, तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

"तार न पुसल्यामुळे तुटली होती. तुम्ही बोलला असता."

त्यांनी पिशवीच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या कप्प्यात माझी काळी होती. लांब."

"होती."

"तुला दिसली."

"दिसली."

"मी पक्कड लावली तेव्हा तू समोर होतास."

"होतो."

हे सगळे प्रश्न त्यांनी एकाच आवाजात विचारले. माझी उत्तरं आवाज न चढता, न पडता येत होती याची मला तेव्हाही जाणीव होती. वीस वर्षं मी लोकांच्या जबाबांतल्या पळवाटा काढून टाकण्याचं काम करतो. इथे काढण्यासारखं काही नव्हतं.

चाचांनी उजवा हात समोर धरला, बोटं उघडली, मिटली. भावाला म्हणाले, "सुना क्या, छोटे? मैं नै काटा." मग हसले. ते हसणं खरं होतं, आणि तेच बघणं सर्वांत कठीण गेलं. मग ते थांबलं.

"चार महिने, मियाँ," ते म्हणाले. "चहात साखर टाकताना चमचा उजेडात धरून बघत होतो, बरोबर आली का म्हणून. नातवाचं नख कापायला सून देत होती, मी नाय म्हणालो. तू माझ्या जागेवर बसून वाजवत होतास तिकडं."

भाऊ कात्री घेऊनच उठला होता. "निघा तुम्ही," तो म्हणाला.

"बैठ तू," चाचा त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, "माझ्या तोंडानं मी सगळ्यांसमोर गलती कबूल केली. आता तिथंच तू बोल. सर पाहिजे, तो ऑक्टोपॅडवाला पाहिजे, सगळे पाहिजेत. मी येणार. मला ऐकायचंय."

पुढच्या रविवारी सकाळी सरांच्या क्लासमध्ये सराव होता. चाचा भावाच्या स्कूटरवर मागे बसून आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. मी चार वाक्यांत सांगितलं. नवा संच मी वापरला. जुन्या तारांना नव्याची खूण मी बांधली. मध्यंतरात ती तार मी ओळखूनही दिली. चाचांनी दोष स्वतःवर घेतला तेव्हा मी गप्प राहिलो.

ऑक्टोपॅडवाला म्हणाला, "म्हणजे बातमीवाल्यानंच बातमी दाबली व्हय?" त्याला वाटलं होतं सगळे हसतील. कोणी हसलं नाही.

सर काही वेळ कीबोर्डच्या कडेवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ते खरं, पण चाचा, कापताना तुम्ही बघायला पाहिजे होतं की."

"सफेद होती, सर," चाचा म्हणाले. "सफेद बघायची नसते."

सरांनी कीबोर्ड बंद केला. मग म्हणाले, "दुसरा डोळा करून घ्या आधी. मग या. जागा तुमचीच आहे." माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. मी बेस कव्हरमध्ये घातला, पिशवी चाचांच्या स्टुलाजवळ ठेवली. त्यांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली. "तुझी तुला राहू दे," म्हणाले. "माझ्या मी वेगळ्या ठेवीन."

डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलच्या अखेरीला झालं. रेक्झिन ते त्याच्या आधीपासूनच कापू लागले होते, असं भावाकडून कळलं. तो माझ्याशी बोलतो, पण दुकानात या असं म्हणत नाही.

जुलैमध्ये चाचा पुन्हा ऑर्केस्ट्रात वाजवणार होते, त्याच सभागृहात, सकाळी. मी बातमीसाठी गेलो नव्हतो, सुटी घेऊन गेलो होतो. सुरू व्हायला अर्धा तास असताना विंगेत डोकावलो. चाचांनी मला पाहिलं, मान हलवली आणि कामाला लागले. ते नवा संच चढवत होते. पाकीट कंपनीचं होतं, बंद, ते त्यांनी माझ्यासमोरच फोडलं. आतून पहिली तार काढली, मोबाइलचा टॉर्च लावला, आणि खालच्या कडीपासून वरच्या टोकापर्यंत ती बोटांतून हळूहळू सरकवत नेली. टोक उजेडात धरून बघितलं. ती बाजूला ठेवून दुसरी घेतली.

"चाचा, आत्ताच फोडलंय की पाकीट," ऑक्टोपॅडवाला म्हणाला. "नवं कोरं आहे. काय बघताय?"

"मालूम है," चाचा म्हणाले. दुसरी तार टोकापर्यंत बघून झाली होती. त्यांनी तिसरी टॉर्चखाली धरली.